तिकिटाचा पैसा शाळेच्या भिंतीत

चीनमधील कितीतरी शाळा-महाविद्यालयांच्या आवारात ‘यीफू लौ’ नावाची एक इमारत असते. ‘लौ’ म्हणजे इमारत आणि ‘यीफू’ हे एका माणसाचे नाव. कुठे या इमारतीत ग्रंथालय आहे, कुठे प्रयोगशाळा, तर कुठे साधे वर्ग. अशा इमारतींची संख्या ६,००० हून अधिक भरते. हा यीफू ना राजा होता ना मंत्री. तो होता सिनेमावाला! शाओ यीफू, म्हणजेच जगाला परिचित असलेले सर रन रन शॉ.

फिरता सिनेमा

शॉ यांचा जन्म १९०७ साली चीनमधील निंगबो येथे झाला. वडील शांघायमधील कापडाचे व्यापारी. थोरल्या भावाने १९२५ साली शांघायमध्ये चित्रपट कंपनी काढली. पुढे चित्रपटांना नवी बाजारपेठ शोधण्यासाठी एक भाऊ सिंगापूरला गेला आणि त्याच्या मदतीला तरुण रन रनही पोहोचले. मलायातील खेडोपाडी यंत्र घेऊन जायचे, पडदा बांधायचा आणि खेळ दाखवायचा, असा तो धंदा. त्यातूनच दुसऱ्या महायुद्धापूर्वी त्या भागात शंभराहून अधिक चित्रपटगृहे उभी राहिली.

युद्धात जपान्यांनी सिंगापूर घेतले आणि चित्रपटगृहेही ताब्यात घेतली. मात्र शॉ बंधूंनी सोने, दागिने आणि रोकड आधीच परसात पुरून ठेवली होती. युद्ध संपल्यावर ते धन उकरून काढले आणि धंदा पुन्हा उभा केला, अशी आठवण शॉ स्वतः सांगत.

सिनेमाची गिरणी

१९५७ साली ते हाँगकाँगला आले. १९६१ साली क्लिअर वॉटर बे येथे त्यांची चित्रनगरी सुरू झाली. तिला सिनेमाची गिरणीच म्हणावे लागेल. हजारावर कामगार, पाळ्यांमध्ये काम आणि राहायला आवारातच खोल्या. सुतार, शिंपी, रंगारी, नट-नट्या सारे पगारी. शॉ यांच्या कारकिर्दीत १,००० हून अधिक चित्रपट निघाले.

१९७८ चा ‘द थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन’ त्यांच्याच कंपनीचा. छळाला कंटाळून एक तरुण शाओलिनच्या बौद्ध मठात येतो. पाण्याच्या बादल्या वाहत, पडत-झडत ३५ दालनांतील शिक्षण पुरे करतो. मग म्हणतो, आता छत्तिसावे दालन हवे, मठाबाहेरच्या सामान्य माणसांना शिकविण्यासाठी!

परंतु या गिरणीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. शॉ पैशाच्या बाबतीत अत्यंत काटेकोर होते. कलावंत वर्षानुवर्षांच्या करारांनी बांधलेले असत आणि मोबदला तुटपुंजा. ब्रूस ली यांनाही कमी रकमेचा ठरावीक करार पुढे केला गेला. त्यांनी तो नाकारला, शॉ यांच्या कंपनीतून बाहेर पडलेल्या रेमंड चाऊ यांच्याकडे ते गेले आणि १९७१ च्या ‘द बिग बॉस’ने इतिहास घडविला.

१९६७ साली हाँगकाँगमध्ये सुरू झालेल्या ‘टीव्हीबी’ या दूरचित्रवाणी कंपनीच्या संस्थापकांत शॉ होते. तिच्या अभिनयवर्गात लामा बेटावरील एका गरीब घरचा मुलगा शिकला. आई भाजी पिकवी आणि साफसफाईची कामे करी. तो मुलगा म्हणजेच पुढे गाजलेला नट चाऊ युन-फॅट.

पावणेपाचशे कोटींचे दान

१९८५ पासून शॉ यांनी चीनमधील शिक्षणासाठी दान सुरू केले. ते पुढे सुमारे ४७५ कोटी हाँगकाँग डॉलरपर्यंत गेले. सगळा खर्च शॉ यांचा नसे. बहुतेक ठिकाणी उरलेला वाटा स्थानिक सरकारने घालायचा, अशी रीत होती. २००८ च्या सिच्वान भूकंपानंतरही त्यांनी १० कोटी हाँगकाँग डॉलर दिले.

२००२ साली त्यांनी ‘शॉ पुरस्कार’ स्थापन केला. खगोलशास्त्र, जीवविज्ञान व वैद्यक आणि गणित या विषयांसाठी २००४ पासून तो दिला जातो. २०२४ चा खगोलशास्त्राचा शॉ पुरस्कार श्रीनिवास कुलकर्णी यांना मिळाला. त्यांचा जन्म कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाडचा.

वयाच्या १०४ व्या वर्षापर्यंत शॉ टीव्हीबीचे अध्यक्ष होते. ७ जानेवारी २०१४ रोजी, १०६ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

वाचकहो, या आयुष्याचा जमाखर्च मांडताना वहीची दोन्ही पाने वाचावी लागतात. एका पानावर कमी मोबदल्यात राबलेली माणसे आहेत, तर दुसऱ्यावर हजारो इमारतींत शिकणारी गोरगरिबांची मुले. दान केले म्हणून पहिले पान फाडता येत नाही आणि पहिल्या पानामुळे दुसरे पुसले जात नाही. कित्येक धनवंतांच्या वहीत तर दुसरे पान कोरेच राहते. शॉ यांनी ते भरले, हे त्यांचे मोठेपण.

इमारतीवर नाव एकट्या यीफूचे आहे. पण तिच्या भिंतींत चित्रनगरीतील सुताराचा, शिंप्याचा आणि दिवसभर राबून रात्री तिकीट काढणाऱ्या हमालाचाही पैसा आहे. त्यांचीही आठवण ठेवू या.