भिक्खूंच्या वाडग्यातले दुर्मिळ लोखंड

लोखंडाला हवा-पाणी लागले की ते गंजते, हे कळायला शाळेत जावे लागत नाही. नळाखालची जुनी बादली, पावसाळ्यातला पत्रा, कामावरची पहार, सगळ्यांवर तो तांबूस थर चढतोच. विटेचा लाल रंग लोखंडाचा. गेरूचा रंगही लोखंडाचाच. अजिंठ्याच्या लेण्यांत चित्रकारांनी जो तांबडा रंग वापरला, तोदेखील लोहयुक्त मातीपासून केलेला. लोखंड आणि प्राणवायू यांचा संयोग असा जागोजागी आपल्या डोळ्यांसमोर असतो.

मग याच दोन गोष्टींपासून झालेला एखादा पदार्थ दुर्मिळ असू शकेल काय? वाचकहो, असा एक पदार्थ आहे. शास्त्रज्ञ त्याला एप्सिलॉन आयर्न ऑक्साईड म्हणतात. प्रयोगशाळेत त्याची पहिली नोंद १९३४ साली झाली, आणि नैसर्गिक खनिज म्हणून त्याला नाव मिळायला २०१६ साल उजाडावे लागले. परंतु त्यापूर्वी कित्येक शतके तो चीन आणि जपानच्या बौद्ध विहारांतून भिक्खूंच्या हातात खेळत होता, चहाच्या वाडग्यांवर! आपल्या कुटुंबांत ही गोष्ट ठाऊक असावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम पदार्थाविषयी. लोखंडाचे दोन अणू आणि प्राणवायूचे तीन अणू हे प्रमाण गेरूतही तेच आणि या पदार्थातही तेच. फरक रचनेचा. त्याच विटांतून एक जण सरळ भिंत बांधतो, दुसरा कमान उभारतो, तसे हे आहे. गेरूतली रचना, जिला हेमाटाईट म्हणतात, ती भक्कम. एप्सिलॉनची रचना मात्र नाजूक. तिचे कण साधारणतः फार बारीक, केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाएवढे असले तरच टिकतात. कण वाढू लागला की रचना मोडते आणि त्याचे हेमाटाईट होते. म्हणूनच प्रयोगशाळेत हा पदार्थ शुद्ध आणि मोठ्या कणांचा करणे महाकठीण. शास्त्रज्ञांना तो हवा असतो, कारण त्यात एकदा चुंबकत्व भरले की तो ते सहजासहजी सोडत नाही. महागड्या धातूंवाचून, साध्या लोखंडातून असा गुण मिळतो, हे काही थोडेथोडके नव्हे.

आता वाडग्यांकडे वळू. चीनच्या फुजियान प्रांतात जियानयांग नावाचा भाग आहे. सोंग राजवटीत, म्हणजे इ. स. ९६० ते १२७९ या काळात, तिथे काळ्या झिलईचे चहाचे वाडगे होत. भट्ट्या डोंगरउतारावर बांधलेल्या, लांबच लांब, सरपटत वर चढणाऱ्या अजगरासारख्या. काहींची लांबी शंभर मीटरहून अधिक, आणि मोठ्या भट्टीत एका वेळी हजारो वाडगे लागत. प्रत्येक वाडगा मातीच्या डब्यात ठेवून रचायचा, म्हणजे राख उडून झिलई बिघडत नाही. मग लाकडाचा जाळ. उष्णता सुमारे १३०० अंशांपर्यंत न्यायची आणि ती मोजायला साधन कुठले? ज्वाळेचा रंग पाहायचा आणि अंदाज बांधायचा. लाकूड जास्त पडले तर झिलई ओघळून वाडगा बुडाशी चिकटणार, कमी पडले तर कच्ची राहणार. आपल्याकडेही भट्टीत धूर कोंडला की मडके काळे निघते आणि हवा खेळती राहिली की तांबडे, हे कुंभाराच्या घरातले पोरसुद्धा सांगेल. जियानयांगचे कारागीर याच विद्येत फार पुढे गेले होते.

झिलई कशाची, तर लोह भरपूर असलेली माती आणि लाकडाची राख. उष्णता वाढली की झिलई पाकासारखी वितळते. तिच्यातल्या लोहसंयुगातून प्राणवायू सुटू लागतो आणि त्याचे बुडबुडे होतात. हे बुडबुडे वर येताना लोखंड सोबत घेऊन येतात आणि पृष्ठभागावर फुटतात. तेवढ्या जागी लोखंड दाटते आणि वाडगा थंड होऊ लागला की तिथे स्फटिक धरतात. ठिपके जागच्या जागी राहिले तर काळ्या झिलईवर रुपेरी थेंब दिसतात, पाण्यावर तेल पडावे तसे. झिलई अधिक ओघळली तर तेच ठिपके ताणून तपकिरी रेषा होतात. त्यांना तिकडे सशाची लव म्हणतात, आणि नाव अगदी चपखल आहे.

माती, राख, जाळ, कोंडलेली हवा, थंड होण्याचा वेग यांतले एक बदलले की स्फटिक वेगळा. यात चमत्कार नाही, कुणाची कृपा नाही. धम्मवर्गात मुलांना प्रतीत्यसमुत्पाद शिकवताना हे उदाहरण जरूर घ्यावे.

हे वाडगे विहारांत पोचले ते चहामुळे. त्या काळी चहाची पूड गरम पाण्यात घोटून फेस आणीत. पांढरा फेस काळ्या वाडग्यात खुलून दिसे, आणि जाड वाडग्यात चहा ऊनही राही. ध्यानाला बसताना झोप येऊ नये म्हणून चीनच्या चान विहारांत चहाचा परिपाठ होता. जपानी भिक्खू तिथे शिकायला जात. त्यांतले एइसाई ११९१ साली परतताना चहाचे बी घेऊन आले. भिक्खूंनी तियानमू पर्वतावरच्या विहारांतून असे वाडगेही नेले, म्हणून जपानीत त्यांचे नाव पडले तेनमोकू. वाडगे घडले एका प्रांतात, नाव मिळाले दुसऱ्या प्रांतातल्या डोंगराचे! पुढे चीनमध्ये चहा पिण्याची रीत बदलली, भट्ट्या विझल्या आणि हातची विद्याही गेली. जपानने मात्र असे काही वाडगे राष्ट्रीय ठेवा म्हणून जपले आहेत. त्यांतला एक क्योटोच्या दाइतोकुजी या झेन विहारात आहे.

२०१४ साली कॅथरीन देज्वा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जियानयांगच्या जुन्या वाडग्यांचे तुकडे क्ष-किरणांखाली तपासले. सशाच्या लवेत हेमाटाईटबरोबर थोडे एप्सिलॉन निघाले. रुपेरी थेंबांत मात्र ते विपुल होते आणि अनपेक्षितपणे शुद्ध! आजच्या प्रयोगशाळांना जे साधत नाही ते त्या भट्टीत साधले होते. हा पदार्थ कसा वाढवावा याचा धागा या जुन्या झिलईत सापडेल, असे या संशोधकांनीच लिहिले आहे.

त्यानंतर तो निसर्गातही सापडला. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात मेनान नावाचे जुने ज्वालामुखी आहेत. तिथल्या सच्छिद्र बेसाल्टमध्ये, तापलेल्या काचेसारख्या भागाला हवा लागून हे सूक्ष्म कण झाले होते. बेसाल्ट म्हणजे अजिंठा-वेरूळची लेणी ज्यात कोरली त्याच जातीचा दगड.

खनिजाला नाव दिले लुओगुफेंगाईट, नानजिंग विद्यापीठातील स्फटिकशास्त्राचे प्राध्यापक लुओ गुफेंग यांच्या सन्मानार्थ. विद्वानाचा मान झाला, याचा आम्हांला आनंदच आहे. सशाच्या लवेचे वाडगे उत्तम, असे चहावरच्या ग्रंथात लिहिणाऱ्या सम्राट हुइझोंगचे नावही इतिहासात आहे. भट्टीसमोर घाम गाळून ते घडवणारे कोण होते, ते काही आपल्याला कुणी सांगितलेले नाही. काही वाडग्यांच्या बुडाशी मात्र कोरलेली अक्षरे सापडतात. त्यांचा अर्थ, राजाच्या वापरासाठी.