पंचतारांकित प्रश्न, फक्त दहा रुपयांत!

‘पंचतारांकितला जॉबला आहे’ असं कागलच्या पोरानं पुण्यातल्या मित्राला सांगितलं, की हमखास प्रश्न येतो : ‘हॉटेल कोणतं रे?’ कागल-हातकणंगलेच्या या औद्योगिक वसाहतीत लॉबी नाही की स्विमिंग पूल नाही. रस्ते, पाणी, वीज, सांडपाण्याची सोय हे सगळं अव्वल मिळणार, एवढाच त्या पाच ताऱ्यांचा अर्थ. थोडक्यात, तो सरकारनं दिलेला शब्द आहे. आता हा शब्द पाळला जातोय की नाही, हे कुणी बघायचं?

माझे निम्मे मित्र इथल्या कंपन्यांत आहेत. कॅन्टीनमध्ये हा विषय निघाला की उत्तर ठरलेलं : ‘ते एनजीओवाले बघतील रे, आपल्याला टार्गेट आहे!’ खरं सांगू? कोल्हापूरकरांच्या तोंडी हे उत्तर शोभत नाही. सरकारला जाब कसा विचारायचा, हे या शहरानं अख्ख्या राज्याला दाखवलंय.

टोलची गोष्ट

शहरातल्या सुमारे पन्नास किलोमीटर रस्त्यांचं काम ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ पद्धतीनं झालं. बदल्यात ३० वर्षं टोल. तोही आपल्याच गावात शिरताना! लोक भडकले. सर्वपक्षीय टोलविरोधी कृती समिती उभी राहिली. पुढे कोण, तर प्रा. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे. दोघंही ऐंशीच्या घरातले! आपण मात्र तिशीतच ‘टाइम नाही यार’ म्हणतो.

ऑक्टोबर २०१३ मध्ये वसुली सुरू झाली. जानेवारी २०१४ मध्ये जमावानं टोलनाके पेटवले. टीव्हीवर आपण तेवढंच बघितलं. जाळपोळीचं समर्थन करता येत नाही, आणि तिनं टोल गेलाही नाही. प्रकरण कोर्टात गेलं, वसुली थांबली, परत सुरू झाली. पण दुसऱ्या बाजूला एक बिनग्लॅमरचं काम चालूच होतं. करारात काय लिहिलंय, त्यातलं किती झालं, किती राहिलं, याचा हिशोब समिती मागतच राहिली. निवडणुकीत पक्षांना टोलवर बोलावं लागलं, रस्त्यांचं फेरमूल्यांकन झालं आणि २०१५ च्या अखेरीस राज्य सरकारनं टोल रद्द करायचा निर्णय घेतला. पानसरेंना तो दिवस बघायला मिळाला नाही. १६ फेब्रुवारी २०१५ ला त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि चार दिवसांनी ते गेले.

या विजयाला एक छोटी कडू किनार आहे. टोल गेला, पण ठेकेदाराची भरपाई शेवटी सरकारी तिजोरीवरच आली, म्हणजे तुमच्या-आमच्या खिशावर. मला यातून कळलेला फंडा असा : करारावर सही होण्याआधी विचारलेल्या प्रश्नाला दहा रुपये पडतात, सही झाल्यावर विचारला तर कोट्यवधी.

दहा रुपये कुठून आले?

माहिती अधिकाराच्या अर्जाची ती फी. हा हक्कही कुणी आपणहून दिलेला नाही. अण्णा हजारे २००३ मध्ये आझाद मैदानावर उपोषणाला बसले, तेव्हा कुठे राज्याचा कायदा मार्गी लागला. देशाचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू झाला.

समजा, तुमच्या गेटसमोरचा रस्ता दर पावसाळ्यात उखडतो. कुरकुर न करता विचारा : ठेका कुणाला दिला, किती रकमेचा, दुरुस्तीची जबाबदारी किती वर्षं? एमआयडीसी हे सरकारी महामंडळ आहे, त्यामुळे उत्तर द्यावंच लागतं. खासगी कंपनीला थेट अर्ज करता येत नाही. पण तिनं प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे दिलेली माहिती मंडळाकडून मागता येते.

फक्त एक करा, एकट्यानं हीरो होऊ नका. तळेगावचे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांची १३ जानेवारी २०१० ला सकाळी फिरायला गेले असताना हत्या झाली. अर्जावर एकच नाव असलं की सगळा दबाव त्या एकावर येतो. तोच विषय दहा जणांनी विचारला तर कुणाकुणाला धमकावणार? नागरी संघटना लागते ती यासाठी. ऑफिस, बॅनर, अध्यक्ष नंतर बघता येईल. सुरुवातीला बसमधले चार सहकारी पुरेत.

ट्राय करून बघा!

- अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत. राज्याचा नियमच तसा आहे.
- ‘असं का केलं?’ विचारू नका. कागद मागा : करार, बिलं, मोजमाप पुस्तक, तपासणी अहवाल.
- दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावा. ऑनलाइन अर्जाचीही सोय आहे.
- उत्तराची मुदत ३० दिवस. नाही आलं, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. बहुतेक जण इथेच कंटाळतात, आणि समोरच्यालाही ते माहीत असतं.
- २०१८ च्या शासन आदेशानुसार जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत सोमवारी दुपारी ३ ते ५ फायली प्रत्यक्ष बघता येतात. सेकंड शिफ्टवाल्यांनी रजा टाकावी लागेल. वर्षातली एक रजा यासाठी ठेवायला हरकत नाही!