विश्लेषण : विंडोजशिवाय मिळणारा लॅपटॉप स्वस्त का? तो घ्यावा का?

एकाच कंपनीचे, सारख्याच प्रोसेसरचे दोन लॅपटॉप; पण एकाची किंमत कमी. तपशील नीट वाचला की कळते, स्वस्त लॅपटॉपपुढे 'डॉस' किंवा 'फ्रीडॉस' असे लिहिलेले आहे. या शब्दाचा खरेदीदाराच्या खिशाशी काय संबंध?

'डॉस' लॅपटॉप म्हणजे काय?
या लॅपटॉपमध्ये विंडोज नसते. फ्रीडॉस ही १९९४ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पातली मोफत ऑपरेटिंग सिस्टीम आहे. ती जुन्या एमएस-डॉससारखी असल्याने लॅपटॉप सुरू केल्यावर काळ्या पडद्यावर फक्त अक्षरे दिसतात. रोजच्या कामासाठी दुसरी सिस्टीम टाकावीच लागते. किमतीतला फरक मुख्यतः विंडोजच्या परवान्याचा असतो.

परवान्यांत फरक काय?
विंडोजसाठी पैसे मोजले, तरी आपल्याला मिळतो तो वापरण्याचा परवाना. लॅपटॉपसोबत येणारा 'ओईएम' परवाना त्याच यंत्राशी बांधलेला असतो. नव्या लॅपटॉपवर तो नेता येत नाही. वेगळा विकत घेतलेला 'रिटेल' परवाना जुन्या संगणकावरून काढून नव्यावर वापरता येतो, पण तो महाग असतो. त्यामुळे डॉस लॅपटॉप घेऊन नंतर रिटेल परवाना घेतला, तर वाचलेले पैसे बहुधा तिथेच जातात.

विंडोज आधीपासूनच का असते?
एके काळी अमेरिकेत काही संगणक कंपन्या विकलेल्या प्रत्येक यंत्रामागे मायक्रोसॉफ्टला पैसे देत. त्यात विंडोज असो वा नसो. सरकारी कारवाईनंतर १९९४ मध्ये मायक्रोसॉफ्टने ही पद्धत थांबवण्याचे मान्य केले. इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये नको असलेल्या विंडोजचे पैसे ग्राहकाला परत देण्याच्या बाजूने निकाल दिला. मात्र, सिस्टीमसह संगणक विकणे हा मुळातच अनुचित व्यापार नाही, असे युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितले.

दुकानदार 'विंडोज टाकून देतो' म्हणाला तर?
परवाना अधिकृत आहे का, हे आधी विचारा आणि त्याची नोंद बिलावर घ्या. भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम '६३ बी'नुसार, बेकायदा प्रत आहे हे माहीत असूनही ती संगणकावर वापरल्यास ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर व्यवसायासाठी नसेल, तर न्यायालय कारणे नोंदवून कैदेऐवजी ५० हजारांपर्यंतचा दंड करू शकते. शिवाय 'क्रॅक' केलेल्या प्रतीतून व्हायरस येण्याचा धोका असतो आणि त्याच लॅपटॉपवर आपण बँकेचे व्यवहार करतो.

मोफत पर्याय आहे का?
आहे. उबुंटू, लिनक्स मिंट या सिस्टीम मोफत आणि कायदेशीर आहेत. ब्राउझर, लेखन, हिशेबाचे तक्ते आणि मराठी टायपिंग त्यांवर होते. केरळमधील सरकारी शाळा अनेक वर्षे लिनक्सच वापरतात. मात्र टॅली किंवा फोटोशॉप लागणार असेल, तर विंडोज असलेलाच लॅपटॉप घेणे सोयीचे.

थोडक्यात काय?
लिनक्स वापरणार असाल किंवा हाताशी रिटेल परवाना असेल, तर डॉस लॅपटॉप फायद्याचा. विंडोज हवेच असेल, तर दोन्ही लॅपटॉपच्या किमतीतला फरक आणि परवान्याची किंमत यांची तुलना करूनच पैसे भरा.