लेखणीची मजुरी आणि इंटरनेटचा बाजार

लिहिणारा माणूस उपाशीच राहायचा, हे आपल्याकडे इतक्या वेळा बोलले गेले आहे की तो निसर्गनियमच वाटू लागला आहे. गवंड्याने भिंत बांधली की त्याला मजुरी मिळते. सुताराने खिडकी केली की त्याचे पैसे चुकते होतात. मग लिहिणाऱ्यालाच 'तुमचे नाव छापून येते आहे ना!' असे सांगून परत का पाठवले जाते? नावाने चूल पेटत नाही. लेखन हे श्रम आहेत आणि श्रमाचे दाम मिळालेच पाहिजे, ही भूमिका पक्की असल्याशिवाय मुक्त लेखनाच्या व्यवसायात पाऊल टाकण्यात अर्थ नाही.

आजवर हे काम ओळखीने मिळत आले. संपादकाच्या केबिनमध्ये ज्याची ऊठबस, त्याच्या हाती अनुवाद, मुद्रितशोधन आणि पुरवणीतले सदर. ज्याच्या घरात पहिल्यांदाच पदवी आली, त्या उदगीरच्या किंवा पुसदच्या तरुणाला ते दार कुठे आहे हेही ठाऊक नसायचे. इंटरनेटने ते दार मोडले असे नाही. पण दुसरी वाट नक्कीच काढून दिली.

ती वाट कशी चालते? अमेरिकेत १९९९ साली ईलान्स आणि २००३ साली ओडेस्क ही संकेतस्थळे निघाली. पुढे ती एकत्र आली आणि २०१५ पासून अपवर्क या नावाने चालतात. इस्रायलचे फायवर २०१० चे. अनुवादकांसाठी प्रोझ हे संकेतस्थळ १९९९ पासून आहे. अपवर्कवर काम देणारा आपली गरज मांडतो, लिहिणारा आपला दर सांगतो. ठरावीक रकमेचे काम असेल तर पैसे आधी मध्यस्थाकडे जमा होतात आणि काम पसंत पडल्यावर हाती येतात. अर्थात मध्यस्थ फुकट राबत नाही. फायवर शंभरातले वीस स्वतःकडे ठेवते. दर सांगतानाच ही दलाली हिशेबात धरावी, नाहीतर रात्र जागून केलेल्या कामाची कमाई दुसऱ्याच्या खिशात जाते.

मराठी माणसाला या बाजारात खरे काम आहे ते दोन भाषांच्या सांध्यावर. बँकांचे अर्ज, औषधांची माहितीपत्रके, मोबाईलवरील ॲप, चित्रपटांची उपशीर्षके, सामाजिक संस्थांचे अहवाल हे सारे मराठीत यावे लागते. त्यात ज्याला एखादा विषय येतो त्याची किंमत वाढते. नर्सिंग शिकलेली मुलगी आरोग्यपत्रिका जशी मराठीत आणेल, तशी निव्वळ भाषा शिकलेला आणू शकणार नाही. शेती, कायदा, लेखापालन यांचेही तेच. म्हणून सूत्र साधे आहे : दोन भाषा आणि एक विषय.

प्रकाशक, संस्था आणि शैक्षणिक साहित्य तयार करणाऱ्या कंपन्यांना थेट ई-मेल पाठवायलाही संकोच करू नये. सोबत तीन नमुने असावेत. छापून आलेले नसतील तर स्वतः तयार करावेत : एक पान अनुवाद, एक वृत्तांत, एक माहितीपर लेख. ते युनिकोडमध्येच टाइप करावेत. छापखान्याच्या जुन्या फॉन्टमधील मजकूर समोरच्याच्या संगणकावर उघडला की अक्षरांचा चिवडा होतो आणि तुमची योग्यता वाचलीच जात नाही.

इंटरनेट जात विचारत नाही, असे उत्साहाने सांगितले जाते. हे अर्धसत्य आहे. तेथेही नाव दिसते, आडनाव दिसते, छायाचित्र दिसते. फरक एवढाच की दार एक नसून अनेक असतात. एकाने नाकारले तर दुसऱ्याकडे जाता येते.

फसवणुकीचाही बाजार तेजीत आहे. घरबसल्या टायपिंग देतो म्हणून आधी नोंदणी फी मागणारा काम देत नसतो, तो पैसे काढत असतो. नमुना म्हणून एक परिच्छेद द्यावा. दहा पाने मागणाऱ्याला नम्रपणे नकार द्यावा. पैसे बुडाले तर १९३० या सायबर हेल्पलाईनवर ताबडतोब तक्रार नोंदवावी. आणि १९५७ चा कॉपीराइट कायदा लक्षात ठेवावा. नोकरीत नसलेल्या लेखकाचे लेखन सामान्यतः त्याच्याच मालकीचे असते. हक्क द्यायचे तर ते लेखी, सहीनिशी द्यावे लागतात, आणि मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षेच धरली जाते.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि स्वस्त मजकुराचा भाव घसरला. शब्द मोजून पाणी घातलेले लेख लिहिणाऱ्यांनी सावध व्हावे. पण यंत्राचा कच्चा अनुवाद तपासून दुरुस्त करणारा माणूस लागतोच. वस्तीत जाऊन, माणसांशी बोलून, कागद तपासून लिहिणारा तर लागतोच लागतो.

शेवटी एक गोष्ट. एकट्या लेखकाला दर ठरवता येत नाही. तो मिळेल त्यावर समाधान मानतो. म्हणून आपल्या अभ्यासिकांत, वाचनालयांत लिहिणाऱ्या मुलामुलींनी एकत्र बसावे. कोणी किती दिले, कोणी बुडवले, हे एकमेकांना सांगावे. आपला दर लपवणारा लेखक फक्त मालकाच्याच सोयीचा असतो. गिरणीतल्या कामगाराला हे कळले होते; लेखणीच्या कामगाराला कधी कळणार?