वाघापलीकडचे चंद्रपूर : परकोटाच्या आतला एक दिवस

दिवाळीची सुट्टी लागली की पुण्या-मुंबईच्या गाड्या नागपूरमार्गे चंद्रपूर जिल्ह्यात शिरतात आणि थेट मोहर्लीच्या नाहीतर कोलाऱ्याच्या गेटवर जाऊन थांबतात. ताडोबा हे १९५५ साली घोषित झालेले महाराष्ट्रातले पहिले राष्ट्रीय उद्यान. तिथल्या जिप्सीचे बुकिंग कित्येक दिवस आधी करावे लागते. त्या जंगलापासून तीसेक किलोमीटरवर गोंड राजांची राजधानी उभी आहे. चहूबाजूंनी दगडी तट, चार दरवाजे, पाच खिडक्या, राजांच्या समाध्या आणि आत नांदते गाव. पण बहुतेक पाहुण्यांना चंद्रपूर दिसते ते गाडीच्या काचेतून, आणि त्यातही औष्णिक वीजकेंद्राच्या चिमण्याच आधी नजरेत भरतात.

व्हिएतनाममध्ये ह्वे नावाचे शहर आहे. १८०५ साली ग्या लाँग या सम्राटाने तिथे तटबंदीचे काम सुरू केले आणि १८३२मध्ये त्याच्या वारसाच्या काळात ते पुरे झाले. तटाचा घेर साधारण दहा किलोमीटर, पुढ्यात नदी, शहराबाहेर सम्राटांच्या समाध्या. १९९३ साली या वास्तूंना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. आज तिथे वाटाड्यासह एक दिवसाची सहल हा एक रीतसर धंदा आहे. सकाळी राजवाडा, दुपारी समाध्या, संध्याकाळी नदीतली होडी. चंद्रपूरच्या परकोटाची लांबी अकरा किलोमीटरच्या आसपास सांगतात आणि तो ह्वेच्या तटाहून काही शतकांनी जुना आहे. म्हणजे पाहण्याजोगे काही नाही म्हणून लोक थांबत नाहीत, असे मुळीच नाही. हिंडवून दाखवणारे कोणी नव्हते, हे खरे कारण.

आता तेही मिळू लागले आहेत. बंडू धोतरे यांच्या ‘इको-प्रो’ या संस्थेच्या तरुणांनी मार्च २०१७मध्ये किल्ल्याची सफाई हाती घेतली. तटावर पिंपळ, वड नि बाभळी माजल्या होत्या, बुरुजांवर चढायला वाट उरली नव्हती आणि तटाच्या पायथ्याशी वर्षानुवर्षांचा कचरा साचला होता. मुले रोज सकाळी कुऱ्हाड, विळे, फावडी घेऊन यायची, दोन-तीन तास राबायची आणि मग कामाधंद्याला जायची. दोनशे दिवसांवर चाललेल्या या श्रमदानाचा उल्लेख पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०१७च्या ‘मन की बात’मध्ये केला, आणि खुद्द चंद्रपूरकरांपैकीही अनेकजण मग प्रथमच तटावर चढले. साफ झालेल्या वाटेवरूनच पुढे ‘हेरिटेज वॉक’ सुरू झाले.

हा फेरफटका हिवाळ्यातच करावा. मे महिन्यात इथला पारा ४६-४७ अंशांवर जातो. तेव्हा तापलेल्या दगडावर हात टेकवणेही नको वाटते. थंडीत मात्र सकाळी सहा-साडेसहाला निघावे आणि सुरुवात बगड खिडकीपासून करावी. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा हे चार मोठे दरवाजे, तर बगड, हनुमान, विठोबा, चोर आणि मसाण या पाच खिडक्या. खिडकी म्हणजे तटातला लहान दरवाजा. हत्ती-घोड्यांची वर्दळ मोठ्या दरवाजांतून आणि रयतेची ये-जा खिडक्यांतून. मसाण खिडकी कशासाठी होती हे नावावरूनच कळते.

तटावर चढले की वाटाड्या हमखास सशाची गोष्ट सांगतो. खांडक्या बल्लाळशहा बल्लारपूरहून राज्य करीत होता. त्याच्या अंगावर गळवे उठली होती, काही केल्या बरी होईनात. शिकारीला गेला असताना झरपट नदीच्या कोरड्या पात्रातल्या एका डबक्याचे पाणी तो प्याला, त्याने हातपाय धुतले आणि त्या रात्री कितीतरी दिवसांनी त्याला गाढ झोप लागली. अंगावरचे फोड गेले. त्या जागी अंचलेश्वराचे स्थान सापडले. पुढे एकदा त्याच परिसरात कपाळावर पांढरा ठिपका असलेला ससा राजाच्या कुत्र्याच्या मागे लागलेला दिसला. ससा कुत्र्यामागे! राजाने ही नवलाई राणीला सांगितली. राणी शहाणी होती. ज्या मार्गाने ससा धावला त्याच मार्गावर तट बांधा, असा सल्ला तिने दिला.

गोष्ट गोष्टच आहे. अशा सशांनी हिंदुस्थानातले बरेच किल्ले आखून दिले आहेत. तट मात्र एका राजाच्या हयातीत पुरा झाला नाही. पिढ्यानपिढ्या काम चालले आणि धुंड्या रामशहाच्या कारकिर्दीत ते पूर्णत्वाला गेले, असे मानले जाते. अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त इथल्या बाबजी बल्लाळशहाची नोंद घेतली आहे. त्याच्या पदरी एक हजार घोडेस्वार नि चाळीस हजार पायदळ असल्याचे तो लिहितो. आकडे फुगवलेले असतील, पण दिल्लीच्या दफ्तरात दखल घ्यावी इतके हे राज्य मोठे होते.

जटपुरा दरवाजाशी थांबून मान वर करून पाहावे. दोन्ही अंगांना दगडात कोरलेला सिंह आहे आणि त्याच्या पंजाखाली हत्ती. हे गोंड राजांचे चिन्ह. सिंहाचे डोळे वटारलेले, शेपटी पाठीवर वळलेली आणि खालचा हत्ती त्याच्यापुढे अगदी पिल्लाएवढा. खालून मात्र ऑटो, स्कूटर, शाळेच्या बसगाड्या नि भाजीचे ठेले एकमेकांना खेटून जात असतात. हत्तीच्या अंबारीच्या मापाने बांधलेल्या कमानीतून एकविसाव्या शतकाची वाहतूक चालली आहे, त्यामुळे इथली कोंडी ही शहराची रोजची डोकेदुखी. सिंह पाहायचा तर सकाळी आठच्या आत.

आठ वाजले की एखाद्या टपरीवर तर्री-पोहा खाऊन घ्यावा आणि अंचलेश्वर दरवाजाकडे वळावे.

झरपटच्या काठी अंचलेश्वराचे मंदिर आहे. त्याच्या बाहेरच्या भिंतींवर लहान लहान शिल्पपटांच्या रांगा आहेत. त्या घाईने पाहू नयेत. लगतच गोंड राजांच्या समाध्या. त्यांत सर्वांत मोठी नि देखणी समाधी बीरशहाची, आणि ती बांधली त्याच्या राणीने, हिराईने.

या बाईची कहाणी वाटाड्याने सविस्तर सांगावी आणि ऐकणाऱ्याने मध्ये घड्याळ पाहू नये. बीरशहाची लेक देवगडच्या राजघराण्यात दिली होती. तिथे तिचा अपमान झाला म्हणून बीरशहा फौज घेऊन चालून गेला. लढाईत पारडे फिरू लागले तेव्हा त्याने महाकालीला नवस केला, जावयाचे शिर तुला वाहीन. जय झाला, नवस फेडला. त्या शिराची दगडी प्रतिकृती महाकाली मंदिरावर देवगडच्या दिशेला तोंड करून बसवली, अशी आख्यायिका आहे. पुढे मुलगा नाही म्हणून बीरशहाने दुसऱ्या लग्नाचा घाट घातला आणि त्याच गडबडीत हिरामण नावाच्या रजपुताने त्याचा खून केला. हे साल १७०४च्या आसपासचे. हिराईने चंदनखेड्याच्या रामशहाला दत्तक घेतले आणि तो जाणता होईपर्यंत कारभार स्वतः चालवला. सवत आणू पाहणाऱ्या नवऱ्यासाठी तिने राज्यातली सर्वांत सुंदर समाधी उभारली, अंचलेश्वराचे मंदिर नव्याने बांधले आणि महाकालीचे मंदिरही. शाहजहान नि मुमताज सगळ्या देशाला ठाऊक आहेत. पतीसाठी पत्नीने बांधलेली ही वास्तू पाहायला मात्र एखाद्या रविवारी विसेक माणसेही जमत नाहीत.

महाकालीच्या देवळात गर्दी कधी कमी नसते. चैत्रात इथे मोठी यात्रा भरते आणि तिला चंद्रपूरकरांपेक्षा नांदेड, परभणी आणि तेलंगणातले भाविकच जास्त. पोतराज, हलगी, डोक्यावर देवीचे ताट घेतलेल्या बाया, झरपटच्या पाण्यात स्नाने. मुख्य मूर्तीचे दर्शन झाले की भुयारासारख्या अरुंद वाटेने खाली उतरून देवीच्या दुसऱ्या रूपाचे दर्शन घेतात. झरपटचे पाणी आज खांडक्या बल्लाळशहाला प्यायला देण्याच्या लायकीचे राहिलेले नाही, हे तिथे गेल्यावर कोणी सांगावे लागत नाही.

पुढचा टप्पा तुरुंगाचा. गोंडांच्या बालेकिल्ल्याच्या जागेत आज जिल्हा कारागृह आहे. १७५१ साली नागपूरकर भोसल्यांनी शेवटच्या गोंड राजाचे, नीलकंठशहाचे राज्य घेतले, त्याला बल्लारपूरच्या किल्ल्यात कैद केले, आणि १८१८च्या मे महिन्यात इंग्रज आले. कर्नल अ‍ॅडम्सने तोफा लावून तटाला खिंडार पाडले आणि २० मे रोजी चांदा, म्हणजे आजचे चंद्रपूर, पडले. चाळीस वर्षांनी याच आवारात बाबूराव शेडमाके यांना फाशी दिली गेली. मोलमपल्लीचा हा पंचविशीतला गोंड जमीनदार. त्याने १८५८मध्ये गोंड, माडिया, रोहिल्यांची फौज उभारून इंग्रजांना सळो की पळो करून सोडले. अडपल्ली-घोटचे व्यंकटराव त्याचे साथीदार. अखेर अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंच्या हातून तो पकडला गेला आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी पिंपळाच्या झाडाला त्याला लटकवण्यात आले. तो पिंपळ आणि ही तारीख आजच्या गोंड समाजासाठी पुस्तकातला इतिहास नाही. दर २१ ऑक्टोबरला दूरदूरच्या गावांतून माणसे इथे वंदनेला येतात.

जेवणात झुणका-भाकर किंवा वडाभात झाला की बाबूपेठ-लालपेठकडे. घरांच्या दाटीत लोखंडी कुंपणाआड प्रचंड दगडी मूर्ती उघड्यावर आडव्या पडल्या आहेत. भैरव, गणपती, नंदी, शिवलिंग आणि या सगळ्यांत मोठी दशमुखी दुर्गा, लांबीला पंचवीस फुटांच्या पुढे. दहा तोंडे पाहून लोक तिला रावणच म्हणत आले. रायप्पा नावाच्या धनवान कोमट्याने भव्य शिवमंदिर बांधायला घेतले होते. मूर्ती घडल्या, पण मंदिर उभे राहण्याआधी रायप्पा गेला. म्हणून हे ‘अपूर्ण देवालय’. दुर्गेच्या पायाशी उभे राहिले की तिचा चेहरा दिसत नाही, बाजूने चालत चालत तो गाठावा लागतो. मूर्ती आडवी असल्यामुळे छिन्नीचे घाव अगदी हाताशी येतात. उभ्या देवळात हे सुख मिळत नाही.

परतताना जुन्या वस्तीतून चालावे म्हणजे वारशाची दुसरी बाजू कळते. परकोट भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षणाखाली आहे. २०१०च्या कायदादुरुस्तीनुसार संरक्षित वास्तूपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरसाठी परवानगी लागते. अकरा किलोमीटरच्या तटाला हा नियम लावला की अर्धे जुने शहर त्यात येते. बापजाद्यांच्या पडक्या घराच्या डागडुजीसाठीही ज्याला कार्यालयाचे उंबरे झिजवावे लागतात, त्याला तटाचा अभिमान कितपत वाटावा? ह्वेमध्ये २०१९पासून तटावर राहणारी हजारो कुटुंबे सरकारने दुसरीकडे घरे देऊन हलवली. चंद्रपुरात असे काही करणे सोपे नाही, पण तटाशेजारी राहणाऱ्यांना तटाची नुसती अडचण होत राहिली तर मुलांनी वेचलेला कचरा पुन्हा तिथेच पडणार. पावसाळ्यात इरई नदी फुगली की बिनबा दरवाजाबाहेरच्या वस्त्यांत पाणी शिरते, तेव्हा मात्र बाहेरच्यांना तटाची किंमत कळते.

संध्याकाळी दीक्षाभूमी. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपूरचा धम्मदीक्षेचा सोहळा झाल्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर १६ तारखेला चंद्रपूरला आले आणि इथेही त्यांनी लाखोंना दीक्षा दिली. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांनी त्याचे आयोजन केले होते. बाबासाहेबांनी स्वतः दीक्षा दिलेली ठिकाणे दोनच, नागपूर आणि हे. दर १५-१६ ऑक्टोबरला इथे मोठा समारंभ होतो, म्हणजे दिवाळीच्या थोडे आधी येणाऱ्याला तो आणि बाबूरावांचा स्मृतिदिन दोन्ही एकाच आठवड्यात गाठता येतात.

हाताशी आणखी एक दिवस असेल तर गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शीजवळ मार्कंड्याला जावे. तिथे वैनगंगा उत्तरेकडे वळते आणि त्या वळणावर देवळांचा समूह आहे. १८७३-७४च्या सुमारास पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅम इथे आला होता आणि त्याने या शिल्पांची तोंड भरून स्तुती केली. मुख्य देवळाचा जीर्णोद्धार बरीच वर्षे रेंगाळला आहे, त्यामुळे निघण्याआधी आतले काय पाहायला मिळेल याची चौकशी करून घ्यावी. महाशिवरात्रीला जाऊ नये, पाय ठेवायला जागा नसते. नदीकाठची गर्दीच पाहायची असेल तर मात्र त्याच दिवशी जावे.