स्वादुपिंडाची नळी: बिनटाक्याचा इलाज, बिनधोक नव्हे

मुतखड्यावर पानफुटी खाणारे काहीजण स्वादुपिंडात खडे निघाले तरी तीच पानं चावू लागतात. हे खडे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे, जुनाट सुजेतून नळीत घट्ट बसलेले. पाल्याने ते विरघळतात, याला पुरावा नाही. ‘स्वादुपिंड बिघडलं म्हणजे दारू’ हेही अर्धंच खरं. आपल्याकडे दारूला न शिवलेल्या तरुणांनाही स्वादुपिंडाची ही जुनाट सूज होते. त्यांतल्या अनेकांत स्पिंक-१ या जनुकातला दोष सापडतो.

नळी जेमतेम काही मिलिमीटर रुंद. खड्याने किंवा सुजेच्या व्रणाने ती अडली की रस तुंबतो आणि पोटातली कळ थेट पाठीत जाते. दुर्बिणीने खडा अलगद ओढून काढतात, असा समज आहे. बारीक खडा तसा निघतोही. पण ५ मिलिमीटरपेक्षा मोठा खडा बहुधा आधी फोडावा लागतो. त्यासाठी बाहेरून नेम धरून आघातलहरी सोडतात. मूत्रपिंडासाठी १९८० साली म्युनिकमध्ये वापरलेलं हे तंत्र तिथल्याच डॉक्टरांनी १९८७ मध्ये स्वादुपिंडातल्या खड्यावर वापरल्याची नोंद आहे. मग ईआरसीपी: तोंडातून लहान आतड्यापर्यंत दुर्बीण, नळीच्या तोंडाशी छोटा छेद, चुरा बाहेर आणि गरज असेल तर नळी उघडी ठेवणारा स्टेंट.

पोटावर टाका नाही, म्हणून धोकाही नाही? ईआरसीपीमुळेच स्वादुपिंडाला तीव्र सूज येऊ शकते, क्वचित रक्तस्राव होतो किंवा आतड्याला छिद्र पडतं. सूज टाळण्यासाठी गुदद्वारातून डायक्लोफेनॅक किंवा इंडोमेथॅसिनची गोळी देतात. प्लास्टिकचा स्टेंटही कायमचा नसतो. तो तुंबतो, म्हणून बदलायची किंवा काढायची तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या.

सर्वांत चिवट समज म्हणजे ‘आधी दुर्बीण, ऑपरेशन अगदी शेवटी’. नेदरलँड्समध्ये ८८ रुग्णांवर झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लवकर ऑपरेशन झालेल्यांना दीड वर्षाच्या काळात आधी दुर्बीण केलेल्यांपेक्षा दुखणं कमी राहिलं. हैदराबादच्या एशियन इन्स्टिट्यूट ऑफ गॅस्ट्रोएंटेरॉलॉजीने तर १०६ रुग्णांपैकी काहींना आघातलहरी आणि दुर्बिणीचे खरे उपचार दिले, काहींना नुसते भासवले. खऱ्या उपचारांचा फायदा १२ आठवड्यांनी थोडासा दिसला, २४ आठवड्यांनी टिकला नाही. कारण दुखणं केवळ तुंबलेल्या रसाचं नसतं. वर्षानुवर्षांच्या सुजेने मज्जातंतूही बदललेले असतात.

यावरून दुर्बीण निरुपयोगी ठरत नाही. मोजके खडे, तेही स्वादुपिंडाच्या डोक्याकडे, आणि आजार फार जुना नसेल, तर ती करून पाहावी. पण उपचार पूर्ण होऊनही कळा थांबत नसतील, तर स्टेंटमागून स्टेंट घालत वर्षं काढू नयेत; सर्जनचं मत वेळेवर घ्यावं. सिगारेट-तंबाखू आणि दारू सुटली नाही तर आजार पुढे सरकतोच, मग इलाज कुठलाही असो.

नळी मोकळी झाली की मधुमेह जातो, हाही भ्रमच. सुकलेल्या ग्रंथीला इन्सुलिन आणि पाचकरस पूर्ववत करता येत नाहीत. तेलकट शौच होत असेल तर एन्झाइमच्या कॅप्सूल घ्याव्या लागतात, आणि त्या उपाशीपोटी नव्हे, जेवतानाच.