जुनी सात-सीटर घेताना : ढिगाच्या आत हात घालून पाहा

घरात आई-वडील, आपण दोघे आणि तीन मुले म्हटली, की सात माणसे झाली. अंबाजोगाईला निकाहाला जायचे असो, औरंगाबादला घाटी रुग्णालयात कोणाला दाखवायचे असो, पाच जणांची मोटार पुरत नाही. दर वेळी भाड्याची जीप करणे परवडत नाही आणि नवी गाडी आवाक्याबाहेर असते. म्हणून बीड, गेवराई, माजलगाव, परळीकडची अनेक कुटुंबे तीन-साडेतीन लाखांत जुनी गाडी शोधतात. व्याजाचे कर्ज टाळणारे घर असेल, तर ही रक्कम म्हणजे कित्येक वर्षांची बचत, भिशीचा नंबर, कधी मोडलेला दागिना. ती एकदाच हातात येते. गाडी फसली तर दुसरी घ्यायला काही उरत नाही.

म्हणून पहिला प्रश्न ‘कोणती गाडी?’ हा नसावा. ‘ही गाडी आजवर कोणी आणि कशी चालवली?’ हा असावा.

सगळे पैसे गाडीत घालू नका

साडेतीन लाख जमले असतील, तर गाडी तीन लाखांची पाहा. उरलेले पन्नास हजार टायर, बॅटरी, विमा, नावावर करण्याचा खर्च आणि पहिली सर्व्हिसिंग यांसाठी बाजूला ठेवा. जुनी गाडी घरी आल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांत काही ना काही मागतेच.

कोणती गाडी कोणाला

परदेशात मोठ्या कुटुंबासाठी लांब डिकीची स्टेशन वॅगन चालते. आपल्याकडेही टाटांची इंडिगो मरिना, मारुतीची बलेनो अल्टुरा येऊन गेल्या. पण त्या रुजल्या नाहीत. ती जागा सात-सीटर गाड्यांनी घेतली.

मारुतीची अर्टिगा २०१२ पासून रस्त्यावर आहे. तिचे सुटे भाग आणि ते बसवणारे मिस्त्री तालुक्याच्या गावीही मिळतात. महिंद्राची बोलेरो खडीच्या रस्त्याला दणकट, पण मागच्या आडव्या बाकांवर वयस्कर माणसांचे हाल होतात. टोयोटाची इनोव्हा टिकाऊ, पण या पैशांत मिळेल ती बहुधा खूप चाललेली असेल. ईको स्वस्त आणि साधी. मात्र एअरबॅग नसलेली ईको २०१६ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत शून्य तारे घेऊन आली होती, हे मुलांना बसवताना लक्षात ठेवा. शेवरोलेची टवेरा स्वस्त दिसेल, पण कंपनीने २०१७ च्या अखेरीस भारतातली विक्री बंद केली. आपल्या मिस्त्रीला सुटे भाग मिळतात का, हे विचारल्याशिवाय तिच्याकडे वळू नका.

रोज शाळा-बाजार आणि महिन्यातून एखादा लांबचा प्रवास, एवढाच वापर असेल तर पेट्रोल गाडी बरी. सीएनजी असेल तर किटची नोंद आरसीवर आहे का आणि टाकीची दर तीन वर्षांनी होणारी चाचणी झाली आहे का, ते पाहा. शक्य असेल तर एप्रिल २०१९ नंतरची गाडी घ्या; तेव्हापासून नव्या मोटारींना एबीएस ब्रेक सक्तीचे झाले.

कागद आधी, गाडी नंतर

गाडीचा नंबर एम-परिवहन ॲपवर टाका. नोंदणीची तारीख, कितवा मालक, विमा, पीयूसी हे तिथे दिसते. ई-चलानची थकबाकीही पाहून घ्या. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय इसार देऊ नका. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. म्हणजे २०१२ ची अर्टिगा २०२७ मध्ये पुन्हा तपासणी, शुल्क आणि पर्यावरण कर मागणार. आज स्वस्त वाटणारी गाडी तेव्हा महाग पडते.

पुण्या-मुंबईची गाडी असेल तर ती आधी टॅक्सी होती का, हे विचारा. पिवळी पाटी काढून पांढरी लावलेली गाडी मीटरवर कमी किलोमीटर दाखवू शकते. मीटर मागे फिरवता येतो. पण झिजलेले क्लच-ब्रेकचे पेडल, गुळगुळीत झालेले स्टिअरिंग आणि खचलेली ड्रायव्हरची सीट लपत नाही. सर्व्हिस सेंटरचा जुना हिशेब मागा आणि त्यावरचे किलोमीटर मीटरशी ताडून पाहा.

आत हात घाला

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मदिनेच्या बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा वरचे धान्य कोरडे आणि आतले ओले निघाले. त्यांनी विक्रेत्याला खडसावले. ही हकीकत आपण मुलांना सांगतो. गाडी घेताना ती स्वतःला सांगावी.

ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या मराठवाड्यात पूर आला. पाण्यात बुडालेली गाडी धुऊन-पुसून विकायला येऊ शकते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. मातीची रेघ दिसेल. पायाखालची चटई उचला, स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ पाहा, सीटच्या बोल्टचा गंज पाहा, कुबट वास घ्या.

गाडी सकाळी, इंजिन थंड असताना पाहा. विक्रेत्याने आधीच सुरू करून ठेवली असेल तर बॉनेट गरम लागेल. मग दुसऱ्या दिवशी या. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली तर ऑइलमध्ये पाणी शिरल्याची शंका घ्या. टायरवरच्या चार आकड्यांत वय असते : ३२२१ म्हणजे २०२१ चा बत्तिसावा आठवडा.

मग घरच्या माणसांना बसवून, एसी लावून मांजरसुंब्याचा घाट चढा. रिकामी गाडी सपाट रस्त्यावर नीटच पळते. भरलेली गाडी चढावर खरे बोलते. आई-वडिलांना चढता-उतरता येते का, हेही तेव्हाच कळेल. विक्रेत्याच्या नव्हे, आपल्या ओळखीच्या मिस्त्रीला बरोबर घ्या आणि त्याची मजुरी द्या.

व्यवहार पक्का करा

पैसे बँकेतून द्या. दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास आयकर कायद्याची मनाई आहे. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घ्या. दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर फॉर्म २८ ची एनओसीही लागते. ताब्याची पावती तारीख आणि वेळ घालून लिहा. गाडी ३० दिवसांत नावावर करण्यासाठी अर्ज करा आणि विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. नाहीतर आपल्या गाडीच्या नुकसानीची भरपाई अडू शकते.

‘नंतर करू नावावर’ हे वाक्य दोघांनाही महागात पडते. अपघात झाला तर नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच मालक धरला जातो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार खटल्यात स्पष्ट केले आहे. भाऊबंदांतला, दोस्तीतला व्यवहार असला तरी कागद करा. नाते टिकवायला त्याचीच मदत होते.

आणि चार-पाच वर्षांनी हीच गाडी आपण विकायला काढू, तेव्हा तिचा दोष घेणाऱ्याला आधी सांगू या. दोन-पाच हजार कमी येतील, पण त्या घरची बचतही आपल्यासारखीच जमलेली असेल.